महिलांचा गट, पारलिंगी खेळाडू आणि मुलींवरची नजर

1 ऑगस्ट 2024 या एकाच दिवशी पॅरिस ऑलिंपिकमधून कोल्हापुरात दोन बातम्या येऊन पोहोचल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, ही पहिली. महिलांच्या मुष्टियुद्धात 66 किलो गटात इटलीच्या अँजेला कारिनीने अल्जीरियाच्या इमान खलीफविरुद्धची लढत अवघ्या 46 सेकंदांत सोडून दिली, ही दुसरी. पहिल्या बातमीचा आनंद आपण मनापासून साजरा केला. दुसऱ्या बातमीवरून पेटलेला वाद मात्र अजून शमलेला नाही. ‘बायकांच्या गटात पुरुष खेळवला’ हे वाक्य त्या संध्याकाळपासून फोनाफोनी फिरले आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) खेळाडूंविषयीची सगळी चर्चा त्याच वाक्याच्या आधाराने सुरू झाली. खलीफ पारलिंगी नाही, ती मुलगी म्हणून जन्मली आणि मुलगी म्हणूनच वाढली, ही साधी गोष्ट त्या गदारोळात कुणाला ऐकायचीच नव्हती. जी चर्चा मुळातच चुकीच्या माणसाकडे बोट दाखवून सुरू झाली, ती पुढे सरळ रस्त्याने जाईल अशी अपेक्षा तरी कशी करायची?

या वादात दोन्ही बाजू तीन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवतात. पुरुषी शरीराने वयात आलेल्या आणि नंतर स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी स्त्रियांनी महिला गटात खेळावे का, हा एक प्रश्न. जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेल्या, पण ज्यांची गुणसूत्रे किंवा संप्रेरके (हार्मोन्स) नेहमीच्या चौकटीत बसत नाहीत अशा स्त्रियांचे काय, हा दुसरा. आणि तालुक्याच्या मैदानावर, शाळेच्या पटांगणात, गावच्या तालमीत कुणाला खेळू द्यायचे, हा तिसरा. माझे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. ताकद, वेग आणि अंगलट यांवर ज्या खेळांचा निकाल ठरतो, तिथे पदकाच्या पातळीवर महिला गट हा पुरुषी वयात येण्याचा लाभ न मिळालेल्या शरीरांसाठीच राखलेला असावा. ही रेषा आवश्यक आहे, न्याय्य आहे आणि ती आखताना अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पण तीच रेषा कागदपत्रे, वैद्यकीय गोपनीयता आणि ठरलेली कार्यपद्धती सोडून नजरेने, कुजबुजीने आणि तक्रारीने राबवली गेली, तर तिचा पहिला फटका पारलिंगी स्त्रियांना बसणार नाही, तो आपल्याच मुलींना बसेल. आणि ज्यांना आपण या रेषेबाहेर ठेवतो त्यांच्यासाठी मैदान उपलब्ध करून देणे ही रेषा आखणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

महिलांचा वेगळा गट असतोच कशासाठी, हे समजून घ्यायला कोल्हापूरकराला फार लांब जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. त्यावर सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी गुणवत्तेचा मुद्दा काढला, तेव्हा महाराजांनी त्यांना पागेत नेले, अशी आठवण सांगितली जाते. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला स्वतंत्र तोबरा बांधलेला असे. महाराजांनी सगळी चंदी एकाच जाजमावर ओतायला लावली आणि घोडे मोकळे सोडले. धट्टीकट्टी जनावरे तुटून पडली; अशक्त आणि लहान शिंगरे मागे उभी राहिली. महिला गट म्हणजे असाच बांधलेला तोबरा आहे. तो स्त्रियांचा सन्मान करण्यासाठी दिलेला नाही, त्यांची ओळख मान्य करण्यासाठीही नाही. सगळे एकाच जाजमावर सोडले तर कितीही मेहनत केली तरी स्त्रियांच्या वाट्याला काही उरत नाही, एवढ्या एका कारणासाठी तो आहे. राखीव जागेचा अर्थ तिच्या कारणात असतो. ते कारण विसरून जागा वाटली, तर राखीव ठेवण्यात अर्थ राहत नाही.

ते कारण किती मोठे आहे, हे आकड्यांत पाहावे. शंभर मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम 9.58 सेकंदांचा आहे, स्त्रियांचा 10.49. फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ऑलिंपिक पदकविजेती अमेरिकी धावपटू टोरी बोवी हिची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ 10.78 सेकंद होती आणि एकट्या 2017 या वर्षात जगभरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी ती सुमारे 15 हजार वेळा मागे टाकली. लांब उडीत पुरुषांचा विक्रम 8.95 मीटर, स्त्रियांचा 7.52. धावण्यात आणि पोहण्यात अव्वल खेळाडूंमधली तफावत साधारण 10 ते 12 टक्के, उड्यांमध्ये त्याहून अधिक आणि वजन उचलण्यात 30 टक्क्यांच्या घरात जाते. वयात येण्यापूर्वी ही तफावत फारशी नसते. वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे रक्तातले प्रमाण स्त्रियांमध्ये साधारणपणे लिटरला दोन नॅनोमोलच्या आत, तर प्रौढ पुरुषांमध्ये सात-आठपासून तिसाच्या आसपास असते. म्हणजे या दोन पट्ट्यांच्या मधोमध बरीच मोकळी जागा आहे. उंची, हाडांची जाडी, खांद्यांची रुंदी, हृदयाचा आणि फुप्फुसांचा आकार, स्नायूंचा भार हे सगळे वयात येण्याच्या त्या काही वर्षांत घडते.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा पाहू. संप्रेरकांचे उपचार घेतल्यावर हा लाभ ओसरतो, मग उपचार पूर्ण केलेल्या पारलिंगी स्त्रीला का अडवायचे? हा मुद्दा खोटा नाही. हिमोग्लोबिनचे प्रमाण तर तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते. अमेरिकेच्या हवाई दलातील कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांच्या उपचारांनंतर पारलिंगी स्त्रियांची जोर आणि सिट-अप्स या व्यायामांतली आघाडी संपलेली दिसली. पण त्याच अभ्यासात धावण्यातली त्यांची आघाडी 12 टक्के उरलेली होती, आणि 12 टक्के म्हणजे जवळजवळ संपूर्ण स्त्री-पुरुष तफावत. वर्षभराच्या उपचाराने स्नायूंचा भार आणि ताकद सुमारे पाच टक्क्यांनीच घटते, असे इतर अभ्यासांच्या आढाव्यातून पुढे आले आहे. आणि वाढलेली उंची व लांब झालेली हाडे तर कुठल्याच उपचाराने मागे येत नाहीत. या विषयावरचे संशोधन तुटपुंजे आहे आणि त्यातले बरेचसे खेळाडूंवर झालेले नाही, ही त्रुटी मोकळेपणाने मान्य करायला हवी. तरीही, संशयाचा फायदा कुणाला द्यायचा हे ठरवताना, ज्यांच्यासाठी गट निर्माण झाला त्यांच्या बाजूने कौल देणे मला रास्त वाटते. जागतिक जलक्रीडा संघटनेने जून 2022 मध्ये, जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने मार्च 2023 मध्ये आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतलेले निर्णय याच दिशेचे आहेत.

दुसरा आक्षेप असा, की खेळात निसर्गदत्त लाभ सगळ्यांनाच असतात. बास्केटबॉलमध्ये उंच माणूस जिंकतो, लांब हातांचा जलतरणपटू जिंकतो, मग एकाच लाभावर बोट का? याचे उत्तर कुस्तीच्या गावात तरी कुणाला समजावून सांगावे लागू नये. वजन हाही निसर्गदत्त लाभच आहे. तरी 57 किलोच्या मल्लाची जोड 86 किलोच्या मल्लाशी लावत नाहीत. ज्या लाभामुळे सामना सुरू होण्यापूर्वीच निकाल लागतो, त्या लाभासाठी गट पाडायचा आणि बाकीचे लाभ गटाच्या आत खेळू द्यायचे, हीच खेळाची रीत आहे. विनेश फोगाटने 6 ऑगस्ट 2024 रोजी तोवर आंतरराष्ट्रीय लढतींत एकदाही न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 50 किलो गटात शंभर ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून ती अंतिम लढतीतून बाद झाली. तो निर्णय आपल्याला जिव्हारी लागला. पण त्या शंभर ग्रॅममुळे विनेश लबाड ठरली का? तिच्या चारित्र्यावर, तिच्या स्त्रीत्वावर, तिच्या कष्टांवर कुणी संशय घेतला का? गटाबाहेर जाणे हा कलंक नसतो, हे आपल्याला तिच्या बाबतीत बरोबर कळले. मग पारलिंगी स्त्रीला महिला गटाबाहेर ठेवताना तिला फसवी, वेषांतर करून आलेली, बदमाश का ठरवले जाते? जे स्वतःला महिला खेळांचे रक्षणकर्ते म्हणवतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडी हीच भाषा असते आणि इथे माझी वाट त्यांच्यापासून वेगळी होते.

संख्येचा मुद्दाही दोन्हीकडून चुकीचा वापरला जातो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या संसदेच्या सुनावणीत सांगितले, की 5 लाख 10 हजार खेळाडूंपैकी त्यांच्या माहितीतले पारलिंगी खेळाडू दहापेक्षाही कमी आहेत. न्यूझीलंडची पारलिंगी भारोत्तोलक लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळली, तेव्हाही केवढा गहजब झाला होता. प्रत्यक्षात तिचा एकही प्रयत्न यशस्वी ठरला नाही. इतक्या थोड्या माणसांसाठी नियम कशाला, असे एक बाजू विचारते. नियम संख्येवर ठरत नाही. अंतिम फेरीत आठच जागा असतात आणि त्यातली एक गेली की एका मुलीची चार-पाच वर्षांची मेहनत जाते, म्हणून नियम हवाच. पण संख्या इतकी लहान असेल, तर दुसऱ्या बाजूने उठवलेला, महिला क्रीडेचा अंत जवळ आल्याचा गजरही खोटा आहे. महाराष्ट्रातल्या खेळाडू मुलींना छळणारे प्रश्न कोणते? सरावाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसणे, खुराकाचा खर्च, दहावीनंतर लग्नाची घाई, रात्री उशिरा सरावाहून परतताना एसटी न मिळणे, आणि प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाविरुद्ध दाद मागायला जागा नसणे. यांतल्या कशाबद्दलही गेल्या दोन वर्षांत एवढा आवाज उठलेला मी ऐकला नाही.

संरक्षणाच्या नावाखाली लोकांना बाहेर ठेवण्याचा खेळातला इतिहास मोठा आहे, हा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. 1928 च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया 800 मीटर धावल्या, काही दमून मैदानावर बसल्या, आणि ती शर्यत स्त्रियांना झेपत नाही म्हणून थेट 1960 पर्यंत बंद ठेवली गेली. आपल्याकडे हमीदा बानू या महिला मल्लाने चाळीस-पन्नासच्या दशकांत पुरुषांशी कुस्त्या केल्या. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. तालमीत मारुतीची मूर्ती असते म्हणून बायकांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, ही रीत कोल्हापूरच्या पेठांनी पिढ्यान्पिढ्या पाळली. आज मुरगूडच्या कुस्ती संकुलात मुली सराव करतात, वडणग्याच्या रेश्मा मानेने आंतरराष्ट्रीय पदके आणली आणि 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धाही झाली. तेव्हा दार बंद करणारे सगळे ‘हे तुमच्याच भल्यासाठी’ असेच म्हणत होते. मग आज आपण निराळे काय करतो आहोत? फरक मला असा दिसतो. तेव्हाच्या बंदीने बलवानांची जागा बलवानांसाठीच राखली; आखाडा आधीच पुरुषांचा होता आणि तो तसाच ठेवायचा होता. आजची रेषा, ज्यांच्याकडे एकच जागा आहे त्यांची ती जागा सांभाळते. पण हा फरक तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा रेषा जिथे कारण आहे तिथेच थांबते.

ती थांबली नाही, तर काय होते याचे उदाहरण नेमबाजीत आहे, आणि नेमबाजी हा तर कोल्हापूरचा अभिमान. 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत, आणि आता स्वप्नील. या खेळात ऑलिंपिकमध्ये एके काळी स्त्री-पुरुष एकत्र उतरत. 1976 मध्ये मार्गारेट मर्डॉकने पुरुषांसोबतच्या रायफल स्पर्धेत रौप्य मिळवले. 1992 मध्ये बार्सिलोनात चीनच्या झांग शानने स्कीटमध्ये, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या टिपण्याच्या प्रकारात, सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतले. आणि 1996 मध्ये ती स्पर्धा केवळ पुरुषांची झाली, स्त्रियांसाठी वेगळी स्कीट ठेवलीच नाही, त्यामुळे विजेतीला आपले पद राखण्याची संधीच मिळाली नाही. महिलांची एअर रायफल स्पर्धा 2018 पर्यंत 40 नेमांची आणि पुरुषांची 60 नेमांची होती, यालाही शरीरशास्त्राचा कोणता आधार होता? बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाने 2023 मध्ये पारलिंगी स्त्रियांना महिलांच्या स्पर्धांतून रोखणारा नियम केला, तेव्हा पटावर स्नायूंचा संबंध कुठे येतो, हे त्याला सांगता आले नाही. कुस्ती, मुष्टियुद्ध, कबड्डी, धावणे, पोहणे, भारोत्तोलन यांत रेषेचे कारण ठळक आहे. नेमबाजीत आणि बुद्धिबळात ते सिद्ध करण्याची जबाबदारी रेषा आखणाऱ्यावर आहे, आणि ते सिद्ध झालेले नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. इथे माझे मत तितके ठाम नाही. तमिळनाडूतल्या वीटभट्टी कामगारांच्या घरातून आलेल्या सांथी सौंदरराजनने 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले. तिने कुणाला फसवले नव्हते. आपल्या शरीराविषयी जे तिला स्वतःला ठाऊक नव्हते, ते देशभराच्या चर्चेचा विषय झाले. पुढच्याच वर्षी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला 2014 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले, तेव्हा ती लढली आणि जुलै 2015 मध्ये क्रीडा लवादाने स्त्री खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनवर मर्यादा घालणारा तो नियम स्थगित केला. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिच्या प्रकरणात 2019 मध्ये त्याच लवादाने म्हटले, की टेस्टोस्टेरॉन कमी करायला लावणारा नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गटाच्या रक्षणासाठी तो आवश्यक आहे. आणि जुलै 2025 मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने तिला न्याय्य सुनावणी मिळाली नसल्याचा निकाल दिला. इथे दोन न्याय खरोखरच समोरासमोर येतात. मी सांगितलेले तत्त्व काटेकोरपणे लावायचे तर यांतल्या काहीजणी गटाबाहेर जातील. पण त्यांनी कुठली रेषा ओलांडलेली नाही, त्या आयुष्यभर जिथे उभ्या होत्या तिथेच होत्या. म्हणून केवळ एका जनुकावरून त्यांचा फैसला करणे मला पटत नाही. 1990 मध्ये ज्यांनी हे वाय गुणसूत्रावरचे, गर्भाला पुरुषी वळण देणारे एसआरवाय जनुक शोधले त्या संशोधकांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच, हे जनुक असणे म्हणजे शरीराने टेस्टोस्टेरॉनचा उपयोग करून घेणे नव्हे, असे सांगून सक्तीच्या चाचणीला जाहीर विरोध केला आहे. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पॅटिनो 1985 मध्ये अशाच चाचणीत नापास ठरली; तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता, हे मान्य होऊन तिला पुन्हा परवानगी मिळेपर्यंत तिचे खेळण्याचे दिवस सरले होते. प्रत्येकीच्या शरीरावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला, हे तज्ज्ञांनी बंद दाराआड पाहावे, निर्णय तिला एकटीला कळवावा, आणि ती निवृत्त होऊ इच्छित असेल तर कारण न सांगता तिला तसे करता यावे, एवढी किमान सभ्यता तरी नियमात लिहिलेली हवी.

तपासणीचा इतिहास आपण विसरलो आहोत, म्हणून ही काळजी. 1966 मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळासमोर विवस्त्र चालत जावे लागले होते. नंतर गुणसूत्रांची चाचणी आली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3 हजार 387 स्त्रियांची चाचणी झाली, आठजणी तीत सापडल्या आणि पुढील तपासणीनंतर त्या सगळ्यांनाच खेळू दिले गेले. एकही पुरुष सापडला नाही. तीन दशके चाललेली ही पद्धत त्यानंतर, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी बंद झाली. ती का बंद करावी लागली, हे ज्यांना माहीत नाही तेच आज प्रत्येक स्तरावर तपासणीची मागणी करत आहेत.

आणि ही मागणी खाली उतरते तेव्हा ती कुणावर येऊन पडते, हे पाहायचे तर मुलींच्या कुस्ती स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्याजवळ उभे राहावे. गळ्यापर्यंत कापलेले केस, दुमडलेले कान, रुंद खांदे, आवाज थोडा जाड. माती अंगात मुरावी म्हणून वर्षानुवर्षे पहाटे चारला उठलेल्या, उसाच्या फडात आईबापांबरोबर राबलेल्या या मुली. केस कापल्यामुळे त्यांना गावात ‘पोरगं झालीस की गं’ असे ऐकावे लागतेच. अलीकडे त्याच्या जोडीला हरलेल्या मुलीच्या पालकांकडून ‘ही नक्की पोरगीच आहे का, बघा जरा’ असा शेरा पडू लागला आहे. तो शेरा मी माझ्या कानांनी ऐकला. चौदा-पंधरा वर्षांची ती मुलगी काट्यावरून उतरली, ट्रॅकसूटची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि बाजूला जाऊन बसली. तिच्या प्रशिक्षकाने पालकांना समजावले, विषय तिथेच मिटला. पण उद्या नियमच असा झाला, की तक्रार आली तर तपासणी करावी, तर तक्रार कुणाविरुद्ध होईल? जी जिंकली तिच्याविरुद्ध, जी सावळी आणि हाडापेराने मजबूत आहे तिच्याविरुद्ध, जिच्यामागे बोलायला कुणी वजनदार माणूस नाही तिच्याविरुद्ध. वयचोरीच्या तक्रारींचे राजकारण ज्यांनी शालेय स्पर्धांत पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे निदान जन्मदाखल्यावर वाद घालता येतो, इथे वाद मुलीच्या शरीरावर होईल.

‘खेळच तर आहे, एवढे काय’ असे म्हणून कुणी हा प्रश्न उडवून लावू नये. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या मुलीसाठी राज्य स्पर्धेतले पदक म्हणजे पोलीस भरतीचे दार असते. म्हणूनच पदकाच्या पातळीवर रेषा हवी. आणि म्हणूनच ज्यांना त्या रेषेबाहेर ठेवले, त्यांच्यासमोर सगळीच दारे बंद असणे हा मोठा अन्याय आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, 2019 मध्ये कायदा झाला, डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत त्यांच्यासाठी नियम आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्यास राज्य सरकारला भाग पाडले. खेळाच्या मैदानावर मात्र आपण अजून काहीही केलेले नाही. ‘वयात येण्यापूर्वीच ज्यांनी बदल केला त्यांना महिला गटात मुभा’ ही आंतरराष्ट्रीय संघटनांपैकी काहींनी ठेवलेली सवलत आपल्याकडे कागदावरच राहते. डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग (टोपलीतला देव्हारा) आणि हातात चौंडके घेऊन फिरणाऱ्या, देवीला वाहिलेल्या आणि बाईच्या वेषात राहणाऱ्या जोगत्यांना कोल्हापूर पिढ्यान्पिढ्या ओळखते. त्यांच्यातल्या कुणाला बाराव्या वर्षी घरच्यांनी डॉक्टरकडे नेऊन समजून घेतले असेल? बहुतेकांची शाळाच त्या वयात सुटते आणि शाळेबरोबर पटांगणही सुटते. पागेतली गोष्ट इथपर्यंत आणली पाहिजे: महिलांच्या तोबऱ्यात वाटेकरी नको म्हणणाऱ्याने, ज्याला तोबराच बांधलेला नाही त्याचाही विचार करायला हवा.

खुला गट काढला की प्रश्न सुटला, असे काहीजण म्हणतात. जागतिक जलक्रीडा संघटनेने 2023 मध्ये बर्लिनच्या विश्वचषकात असा गट ठेवला आणि त्यात एकही प्रवेशिका आली नाही. विरोधकांना वाटले, बघा, खेळायचेच नाही कुणाला. मला त्यातून वेगळे दिसते. ज्यांना शाळेपासून मैदानावर पाय ठेवू दिला नाही, ते थेट विश्वचषकात कुठून येणार? सुरुवात तळातून करावी लागते. केरळने 2017 मध्ये तिरुवनंतपुरमला पारलिंगी खेळाडूंसाठी राज्याच्या वतीने क्रीडास्पर्धा भरवली. 2022 मध्ये एका पारलिंगी स्त्रीला ज्युदोत महिला गटात उतरायचे होते, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने आयोजकांना बजावले, की वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर तिला तिच्या पसंतीच्या गटात खेळू द्यावे लागेल. त्या निकालाचा मथितार्थ मला योग्य वाटतो: व्यवस्था न करता नुसता नकार देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

शाहू महाराजांनी 1912 मध्ये कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले. त्या शहराने आणि जिल्ह्याने आज करायच्या गोष्टी अवघड नाहीत. चौदा वर्षांखालील गटात लिंगाविषयी कुणीही प्रश्न विचारू नये. शाळेने जी नोंद दिली ती अंतिम. त्यापुढच्या वयोगटांत जिल्हा पातळीपर्यंत कुणाचीही तपासणी होणार नाही आणि अशी तोंडी तक्रार करणाऱ्या पालकाला किंवा प्रशिक्षकाला स्पर्धास्थळाबाहेर काढले जाईल, असे स्पष्ट असावे. पात्रतेचा प्रश्न राज्य स्पर्धेपासून पुढे, लेखी नियमाने आणि केवळ वैद्यकीय मंडळापुढे यावा. पुरुष गटाला अधिकृतपणे खुला गट म्हणावे, म्हणजे त्यात उतरणाऱ्या पारलिंगी खेळाडूला स्वतःला पुरुष म्हणवून घ्यावे लागणार नाही. आणि तिच्यासाठी कपडे बदलायची वेगळी खोली असावी. ज्या तालमींना आणि मंडळांना महापालिकेची जागा किंवा आमदार-खासदारांचा निधी मिळतो, त्यांनी सरावासाठी आलेल्या तृतीयपंथी मुलाला किंवा मुलीला परत पाठवू नये, ही अट निधीच्या पत्रातच घालावी. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. तालुक्यांना स्पर्धांची पत्रके जाण्यापूर्वी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून हे सगळे लेखी यायला हवे.